गालिच्यावर सांडलेली कॉफी: ठाण्याच्या दमट हवेत डाग काढण्याची रीत

कॉफीचा डाग गालिच्यावरून निघतो, आणि वेळेवर हात घातला तर बहुतेक वेळा घरच्याच साहित्याने निघतो. मी घोडबंदर रस्त्यावरच्या एका इमारतीत राहतो. घरात लहान मुले आहेत, पाहुण्यांची ये-जा असते आणि बैठकीत भदोहीचा लोकरी गालिचा अंथरलेला असतो, त्यामुळे या कामाची सवय झाली आहे. स्वतःच्या आणि शेजारपाजारच्या घरांतले डाग काढताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली: गालिचा कॉफीपेक्षा उपायांनीच जास्त खराब होतो. बादलीभर पाणी, ब्रशने केलेली घासाघीस, हाताला लागलेली पहिली बाटली आणि अर्धवट वाळवण या चार गोष्टी टाळल्या, तर उरलेले काम सावकाशीचे असले तरी अवघड नसते.

आधी डागाविषयी थोडे समजून घ्यावे. काळ्या कॉफीत भाजताना तयार झालेली तपकिरी रंगद्रव्ये आणि आम्ले असतात, आणि ती पाण्यात विरघळतात. आपल्याकडच्या कॉफीत मात्र दूध आणि साखरही असते, म्हणजे रंगाबरोबर प्रथिने, स्निग्धांश आणि चिकटपणाही गालिच्यात उतरतो. फिल्टर कॉफीच्या पुड्यांत बहुधा चिकोरी मिसळलेली असते. भारतीय नियमांप्रमाणे अशा मिश्रणात कॉफीचे प्रमाण किमान ५१ टक्के असावे लागते, म्हणजे उरलेला भाग चिकोरीचा असू शकतो, आणि चिकोरीचा रंग गडद असतो. रंग, दूध आणि साखर या तिन्हींचा विचार न करता फक्त रंग काढला, तर दोन दिवसांनी आंबूस वास येतो, मुंग्या लागतात आणि चिकट राहिलेल्या जागेवर धूळ बसून तिथे करडा डाग उमटतो.

१. सांडल्याबरोबर टिपून घ्या

सांडल्याबरोबर पांढरे, सुती, शोषणारे फडके घ्यावे. जुना पंचा किंवा धुऊन मऊ झालेला पांढरा टॉवेल उत्तम. रंगीत फडके, छापील रुमाल किंवा वर्तमानपत्र वापरू नये, कारण त्यांचा रंग किंवा शाई ओल्या गालिच्यात उतरते. फडक्याची घडी डागावर ठेवून तळहाताने सरळ खाली दाबावे, उचलावे, कोरडी बाजू डागाकडे करावी आणि पुन्हा दाबावे. डाग मोठा असेल तर कडेकडून मध्याकडे यावे, म्हणजे तो पसरत नाही. फडक्यावर रंग उमटायचा थांबेपर्यंत हेच करीत राहावे. उभे राहून घडीवर शरीराचा भार दिल्यास आतली ओल आणखी वर येते.

घासण्याचा मोह या क्षणी सर्वांत जास्त असतो आणि तो आवरला पाहिजे. घासल्याने कॉफी तंतूंच्या मुळाशी जाते, लव (वर उभे राहिलेले तंतू) विस्कटते आणि लोकरीचे तंतू एकमेकांत अडकून त्यांचा नमदा होऊ लागतो. डाग गेल्यानंतरही ती जागा वेगळी दिसत राहते आणि पूर्ववत होत नाही. फेस किंवा साय वर राहिली असेल तर ती आधी चमच्याच्या कडेने अलगद उचलावी.

अनेक घरांत लगेच मीठ टाकतात. मीठ ओल शोषते हे खरे, पण ते हवेतलीही ओल शोषते. ठाण्यात पावसाळ्यात मिठाच्या बरणीला पाझर फुटतो, तेच गालिच्यात उरलेल्या मिठाचे होते आणि ती जागा कित्येक दिवस दमट राहते. बेसन किंवा मैदा टाकल्यास त्याची लापशी होऊन ती तंतूंना चिकटते. सुरुवातीच्या मिनिटांत फडके पुरेसे असते.

२. गालिचा कशाचा आहे ते ओळखा

पुढचे सगळे निर्णय या एका माहितीवर अवलंबून असल्यामुळे इथे वेळ द्यावा. गालिच्याच्या मागे चिठ्ठी शिवलेली असेल तर ती वाचावी. नसेल तर कोपऱ्यातून, मागच्या बाजूला नजरेस न पडणाऱ्या जागेतून, लवीचा एखादा तंतू कापून चिमट्यात धरावा आणि मोरीत किंवा स्टीलच्या सिंकवर काडीने पेटवून पाहावा. लोकर पेटायला कुरकुर करते, ज्योत दूर नेताच विझते, केस जळल्यासारखा वास येतो आणि राख बोटांत चुरगळते. पॉलिप्रॉपिलीन, पॉलिएस्टर, नायलॉन यांसारखे कृत्रिम तंतू वितळतात आणि त्यांचा कडक मणी होतो. त्याला गरम असताना हात लावू नये. सूत, ताग आणि व्हिस्कोस (लाकडाच्या लगद्यापासून केलेला रेशमासारखा धागा) कागदासारखे जळतात.

झालरीचा, म्हणजे कडेच्या दशांचा, तंतू जाळून निष्कर्ष काढू नये. हाताने विणलेल्या लोकरी गालिच्यांचा ताणा, म्हणजे विणीतले लांबीचे धागे, बहुधा सुती असतो आणि दशा ताण्याच्याच असतात, त्यामुळे परीक्षा सुताची होते आणि लोकरीचा गालिचा सुती समजून धुतला जातो.

तंतू कळला की कामाची दिशा ठरते. कृत्रिम तंतू सर्वांत सोसणारे असतात. नवी मुंबईतल्या भाड्याच्या सुसज्ज फ्लॅटमध्ये पुष्कळदा हेच गालिचे असतात. लोकर सौम्य आम्ल सोसते, पण अल्कधर्मी पदार्थ, गरम पाणी आणि ब्लीच सोसत नाही. ताग आणि काथ्या ओले झाले की स्वतःच तपकिरी रंग सोडतात, म्हणून तिथे जवळजवळ कोरडेच काम करावे. ‘आर्ट सिल्क’ किंवा ‘बांबू सिल्क’ या नावाने विकले जाणारे चकचकीत गालिचे बहुधा व्हिस्कोसचे असतात. ओले झाल्यावर व्हिस्कोसचे तंतू दुबळे होतात, लव आडवी पडते आणि वाळल्यावर पिवळी झाक येते. असा गालिचा आणि खऱ्या रेशमाचा गालिचा फक्त टिपून कोरडा करावा आणि जाणत्या माणसाकडे द्यावा.

३. साहित्य जमवा

जांभळी नाक्याच्या बाजारात किंवा वाशीत सेक्टरमधल्या कोणत्याही किराणा दुकानात आणि केमिस्टकडे हे सगळे मिळते.

– पांढरी सुती फडकी भरपूर घ्यावीत, आणि एक जाड पांढरा टॉवेल वेगळा ठेवावा.
– भांडी घासायचे द्रव पारदर्शक किंवा फिक्या रंगाचे असावे. गडद हिरवे किंवा पिवळे टाळावे.
– पांढरा व्हिनेगर साधारण ४ टक्क्यांचा मिळतो. तपकिरी व्हिनेगर स्वतःच डाग पाडतो, म्हणून तो घेऊ नये.
– दोन वाट्या, एक चमचा आणि फवाऱ्याची स्वच्छ बाटली लागते.
– हायड्रोजन पेरॉक्साइड शेवटच्या टप्प्यासाठी, आणि तेही गरज पडली तरच लागते.
– स्वच्छ पाणी लागते, आणि त्याविषयी थोडे सविस्तर सांगायला हवे.

नवी मुंबईला मोरबे धरणाचे पाणी मिळते आणि ते या कामाला चांगले असते. घोडबंदर रस्त्यावर मात्र अनेक सोसायट्यांना टँकरचा आधार घ्यावा लागतो, आणि टँकरचे किंवा बोअरवेलचे पाणी पुष्कळदा जड असते. जड पाण्यात साबणाचा फेस नीट होत नाही आणि वाळल्यावर क्षारांची पांढरी कड उरते, जी नवा डाग समजून लोक पुन्हा धुवायला घेतात. आपल्या नळाच्या पाण्याने बादलीवर पांढरे थर धरत असतील तर शेवटच्या हातासाठी पिण्याचे, शुद्ध केलेले पाणी वापरावे. लागते ते जेमतेम दोन-तीन पेले.

धुण्याची पावडर या यादीत मुद्दाम घेतलेली नाही. तिच्यात धुण्याचा सोडा असतो, जो लोकरीला अपाय करतो, आणि कपडे शुभ्र दिसावेत म्हणून घातलेली द्रव्येही असतात, ज्यांमुळे गालिच्यावर एक फिकट, चमकणारा ठिपका कायमचा राहू शकतो. खाण्याचा सोडा आणि धुण्याचा सोडा हे दोन निराळे पदार्थ आहेत. ‘सोडा टाका’ असा सल्ला कोणी दिला, तर कोणता सोडा हे विचारल्याशिवाय तो पाळू नये. रिठ्याचे पाणी लोकरीला मानवते, पण ते स्वतः तपकिरी असल्यामुळे फिक्या गालिच्यावर वापरू नये.

४. कोपऱ्यात चाचणी घ्या

जे मिश्रण वापरायचे त्याचे काही थेंब गालिच्याच्या झाकलेल्या कोपऱ्यात, शक्यतो सगळ्यांत गडद रंगावर टाकावेत, पाच-दहा मिनिटे थांबावे आणि पांढरे फडके दाबून पाहावे. फडक्यावर गालिच्याचा रंग उतरला तर ते मिश्रण वापरू नये. लाल आणि गडद निळ्या रंगांबाबत विशेष सावध राहावे. प्रत्येक नव्या मिश्रणासाठी ही चाचणी वेगळी घ्यावी लागते.

५. डाग धुवा, दुधाच्या कॉफीत आधी दूध काढा

साधारण ५०० मिलिलिटर पाण्यात एक लहान चमचा भांडी घासायचे द्रव मिसळावे. दुधाच्या कॉफीसाठी आणि लोकरीसाठी पाणी नेहमीच्या तापमानाचे असावे. कृत्रिम तंतूवर काळी कॉफी असेल तर कोमट चालते. गरम पाणी कधीच वापरू नये, कारण उष्णतेने दुधातली प्रथिने घट्ट होऊन तंतूंना धरून बसतात.

मिश्रण डागावर ओतू नये. फडके त्यात बुडवून पिळावे आणि ओलसर फडक्याने डाग दाबावा, मग लगेच कोरड्या फडक्याने टिपावा. ओले करणे आणि टिपणे ही जोडी चालू ठेवली की रंग थोडा थोडा वर येतो. घाई करणाऱ्याला हे कंटाळवाणे वाटते, पण जितके पाणी घालावे तितकेच वर काढता आले पाहिजे, हे या कामाचे खरे सूत्र आहे. हाताने गुच्छ विणून मागे लॅटेक्स, म्हणजे रबरासारखा डिंक, लावलेल्या गालिच्यात पाणी त्या थरापर्यंत पोहोचले तर ते वाळायला फार वेळ घेते आणि वारंवार भिजून थर सुटू लागतो.

दुधाच्या कॉफीवर व्हिनेगर सुरुवातीला वापरू नये. आम्लाने दूध फाटते आणि त्याचे कण तंतूंत अडकतात. आधी साबणाच्या पाण्याने स्निग्धांश आणि दूध काढावे, साध्या पाण्याच्या फडक्याने साबण टिपावा, आणि त्यानंतरच एक भाग व्हिनेगर व दोन भाग पाणी असे मिश्रण त्याच पद्धतीने लावावे. ते पाच मिनिटे राहू द्यावे आणि टिपून घ्यावे. काळ्या कॉफीसाठी साबण आणि व्हिनेगर यांतला क्रम तितका महत्त्वाचा नसतो. व्हिनेगरचा वास एक-दोन दिवसांत उडून जातो.

प्रथिने काढण्यासाठी बाजारात एन्झाइम असलेली द्रवे मिळतात. ती कृत्रिम गालिच्यावर दुधाच्या जुन्या वासासाठी उपयोगी पडतात. लोकर आणि रेशीम स्वतःच प्रथिने आहेत, त्यामुळे एन्झाइम तिथे डागाबरोबर गालिचाही खाते.

६. साबण पूर्ण काढा

हा टप्पा सर्वांत जास्त वेळा टाळला जातो. फवाऱ्याच्या बाटलीत स्वच्छ पाणी भरून हलका फवारा मारावा आणि लगेच टिपावा. फडके दाबल्यावर फेस दिसायचा आणि बोटांना बुळबुळीत लागायचे थांबेपर्यंत हे करावे. आत साबण उरला तर महिनाभरात त्याच आकाराचा मळका ठसा उमटतो, आणि कॉफीचा डाग परत आला असा समज होतो.

७. पिवळट छटा उरली तरच पेरॉक्साइड वापरा

फिक्या रंगाच्या, कृत्रिम गालिच्यावर इतके करूनही पिवळट झाक उरली, तर ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडचे काही थेंब कापसाने लावावेत, अर्धा तास थांबावे आणि साध्या पाण्याने टिपावे. केमिस्टकडे पुष्कळदा ६ टक्क्यांची, म्हणजे ‘२० व्हॉल्यूम’ लिहिलेली बाटली मिळते. ती तितकेच पाणी घालून सौम्य करावी. हातमोजे घालावेत. गडद गालिच्यावर हे करू नये, कारण पेरॉक्साइड डागाचा आणि गालिच्याचा रंग यांत भेद करीत नाही. लोकरीवर घरी वापरू नये असे माझे मत आहे.

इथे सुरक्षिततेची सूचना काटेकोर पाळावी. पेरॉक्साइड आणि व्हिनेगर एका बाटलीत कधीही मिसळू नये, कारण त्यातून दाहक आम्ल तयार होते. न्हाणीघरातले ब्लीच गालिच्याच्या जवळ आणू नये: ते लोकर विरघळवते, आणि व्हिनेगरशी मिसळल्यास विषारी क्लोरीन वायू सुटतो. घरात बाळ रांगत असेल तर गालिचा वाळेपर्यंत ती खोली बंद ठेवावी.

८. वाळवा, कारण आपल्याकडे अर्धे काम इथे आहे

ओलावा उरला की समईच्या वातीत तेल चढते तसे तळातले पाणी तंतूंमधून वर चढते, वाटेतला रंग सोबत आणते आणि टोकाशी सोडून उडून जाते. रात्री स्वच्छ दिसणारी जागा सकाळी पुन्हा तपकिरी दिसते ती यामुळे. उपाय सोपा आहे. टिपून झाल्यावर त्या जागेवर पांढऱ्या फडक्याची जाड घडी ठेवावी, तिच्यावर प्लास्टिकचा कागद आणि वर जड पुस्तके किंवा धान्याचा डबा ठेवून रात्रभर राहू द्यावे. वर चढणारा रंग लवीच्या टोकाशी न थांबता फडक्यात जातो. सकाळी घडीवर तपकिरी ठसा दिसला तर समाधान मानावे; तो रंग गालिच्यातून बाहेर आलेला आहे.

यानंतर गालिच्याला खालून हवा लागली पाहिजे. आपल्या घरांतल्या व्हिट्रिफाइड फरश्या पाणी शोषत नाहीत, त्यामुळे ओल फरशी आणि गालिचा यांच्या मध्ये कोंडते. ओला भाग दोन स्टुलांवर किंवा कपडे वाळवायच्या स्टँडवर उचलून ठेवावा आणि पंखा बाजूने, लवीला समांतर वारा लागेल असा लावावा.

ऋतूप्रमाणे पद्धत बदलावी लागते. हिवाळ्यात आणि ऑक्टोबरच्या उन्हात खिडक्या उघड्या ठेवल्या की एका दिवसात काम होते. जून ते सप्टेंबरपर्यंत खाडीकडून येणारी हवा इतकी दमट असते की खिडकी उघडी ठेवल्याने ओल वाढते. तेव्हा खिडक्या बंद करून एसी ‘ड्राय’वर चालवावा आणि पंखाही चालू ठेवावा. एसी नसेल तर पंखा रात्रंदिवस चालवावा आणि दर काही तासांनी कोरड्या फडक्याने पुन्हा दाबावे. एक-दोन दिवस ओल टिकली की बुरशीला सुरुवात होऊ शकते, म्हणून पावसाळ्यात घरी धुताना डागापुरतेच, कमीत कमी पाणी वापरावे. संपूर्ण गालिचा धुवायचा विचार दिवाळीपूर्वीच्या साफसफाईपर्यंत पुढे ढकलावा. कडक उन्हात लोकरी गालिचा उलटा, पाठ वर करून घालावा, म्हणजे रंग उडत नाही. केस वाळवायच्या यंत्राची गरम हवा मारू नये.

वाळला की नाही हे वरून कळत नाही. गालिचा दुमडून लवीच्या मुळाशी हाताची पाठ लावावी आणि कोरड्या भागाशी तुलना करावी. थंड लागले तर ओल आहे. पूर्ण वाळल्यावर व्हॅक्यूम क्लीनर फिरवावा किंवा मऊ ब्रशने लव एका दिशेने उभी करावी.

९. जुना किंवा परतलेला डाग

परतलेल्या डागाला नवे रसायन लागत नाही. साध्या पाण्याचा हलका फवारा, टिपणे आणि वजनाची रात्रभरची घडी एवढे पुन्हा केले की तो बहुधा जातो. वाळून जुना झालेला डाग मऊ करण्यासाठी केमिस्टकडचे ग्लिसरीन तितक्याच पाण्यात मिसळून लावावे, अर्धा तास ठेवावे आणि मग पाचव्या टप्प्यापासून सुरुवात करावी. ग्लिसरीनही हवेतली ओल ओढते, म्हणून ते पूर्ण टिपून काढणे आवश्यक आहे.

१०. गालिचा बाहेर देताना

रेशीम, व्हिस्कोस, काश्मिरी किंवा वारशाने आलेला गालिचा, लॅटेक्सपर्यंत भिजलेला गालिचा, आणि रंग सोडणारा गालिचा घरी हाताळू नये. देण्यापूर्वी ही तयारी ठेवावी: खरेदीचे बिल, मागच्या चिठ्ठीचा फोटो, डागाचा आणि संपूर्ण गालिच्याचा तारखेसह फोटो, फुटांत मोजलेली लांबी-रुंदी, आणि आपण घरी काय काय लावले त्याची लेखी नोंद. शेवटची गोष्ट लाजून लपवू नये. आधी काय लावले हे माहीत नसेल तर धुणाऱ्याचा अंदाज चुकतो.

पावती घेताना तिच्यावर तंतूचा प्रकार, माप, आधीपासूनचे डाग आणि परत देण्याची तारीख लिहून घ्यावी. ‘जोखीम ग्राहकाची’ असे छापलेले असते, ते सही करण्यापूर्वी वाचावे. गालिचा कुठे धुतला जाईल आणि पावसाळ्यात कसा वाळवला जाईल, हे दोन प्रश्न जरूर विचारावेत. दुसऱ्या प्रश्नाचे नीट उत्तर न मिळाल्यास दुसरीकडे जावे. परत घेताना तिथेच उलगडून, हुंगून आणि कडा हाताने दाबून पाहावे. नुकसान झाले आणि बोलून मार्ग निघाला नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते, आणि तिथे हीच पावती व फोटो उपयोगी पडतात.

ऐरोली, घणसोली, खारघर या भागांत कामानिमित्त नव्याने येऊन सुसज्ज फ्लॅट भाड्याने घेणाऱ्यांनी आणखी एक करावे. घराचा ताबा घेतानाच गालिच्याचे फोटो काढून घरमालकांना पाठवावेत आणि करारासोबतच्या सामानाच्या यादीत त्याची स्थिती लिहून घ्यावी. डाग पडला तर तो काढायला घेण्यापूर्वी त्यांना कळवावे आणि गालिचा कशाचा आहे ते विचारावे. पुष्कळदा बिल त्यांच्याकडेच असते आणि तंतू जाळून पाहण्याचा खटाटोप वाचतो.